रोजचा आकडा ठाऊक हवा

महापालिकेच्या रुग्णालयात परिचारिका म्हणून नोकरी केली आणि निवृत्तीनंतरही काळाचौकीतच राहिले. अभ्युदय नगरच्या आसपास कुणाला चक्कर आली, कुणाचं अंग तापलं, की अजूनही दार वाजतं, "सिस्टर, जरा बघून जाता का?" मी मशीन घेते आणि निघते. अशा घरांमधून फिरताना एक गोष्ट मनात पक्की झाली. मशीनवर आकडा दिसला की माणसं घाबरतात, पण आपला नेहमीचा आकडा किती, हे विचारलं तर बहुतेकांना सांगता येत नाही. बीपी असो, नाडी असो, श्वास, ताप, शुगर किंवा वजन असो, आजचा आकडा त्या माणसाच्या रोजच्या आकड्याशेजारी ठेवला तरच त्याचा अर्थ लागतो. म्हणून तब्येत ठणठणीत असतानाच मोजून, लिहून ठेवायला हवं. इतक्या वर्षांत जे शिकले, ते क्रमाने सांगते.

१. बीपी मोजण्याआधी पाच मिनिटं गप्प बसा

आमच्या शेजारच्या इमारतीतले एक काका गिरणीतून निवृत्त झालेले. इमारत जुनी, लिफ्ट नाही. बाजारातून पिशवी घेऊन जिने चढून आले आणि तसेच माझ्यापुढे बसले. "डोकं जड झालंय, सिस्टर," म्हणत लगेच पुनर्विकासाच्या मीटिंगचं सांगू लागले. सदऱ्याची बाही दंडाला करकचून दुमडलेली. त्यांच्या आग्रहाखातर पहिला आकडा घेतला, १६८/९६. काकांचा चेहराच उतरला.

मग मी त्यांना लघवीला जाऊन यायला सांगितलं. पाठ टेकेल अशा खुर्चीत बसवलं, दोन्ही पावलं जमिनीला टेकवली, पायावर पाय ठेवू दिला नाही. बाही काढून उघड्या दंडावर पट्टा बांधला. टेबलावर घडी घातलेली चादर ठेवून त्यावर हात ठेवला, म्हणजे पट्टा छातीच्या पातळीला आला. पाच मिनिटं एक शब्द बोलायचा नाही, असं बजावलं. दुसरा आकडा आला १४६/८६, मिनिटभराने तिसरा १४२/८४. माणूस तोच, मशीन तेच. पहिल्या आकड्यावर विसंबून काकांनी जादा गोळी घेतली असती, तर रात्री उठताना घेरी येऊन पडले असते.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, विडी, तंबाखू नको. मिश्रीचंही तेच. आमच्याकडच्या कितीतरी आज्या सकाळी मिश्री लावून लगेच बीपी बघायला बसतात. मिश्रीत तंबाखूच असतो आणि त्यातलं निकोटीन बीपी चढवतं. दंड जाड असेल तर मोठा पट्टा घ्या, कारण लहान पट्ट्याने आकडा खोटाच वर दिसतो. पहिल्या वेळी दोन्ही हातांवर मोजा. ज्या हाताचा आकडा जास्त येईल, तो हात पुढे कायम ठेवा.

२. एका आकड्यावर निकाल लावू नका

डॉक्टरांच्या खोलीत गेल्यावर काहींचं बीपी नुसत्या धास्तीने चढतं. काहींचं उलट असतं, दवाखान्यात नीट आणि घरी जास्त. म्हणून शंका आली की सात दिवस घरी मोजा. सकाळी गोळी आणि नाश्त्याआधी दोनदा, रात्री जेवणाआधी दोनदा, मध्ये एक मिनिटाचं अंतर. पहिल्या दिवसाचे आकडे सोडा आणि उरलेल्या सहा दिवसांची सरासरी काढा. दवाखान्यात १४०/९० किंवा त्याहून जास्त आकडा वेगवेगळ्या दिवशी आला, तर डॉक्टर त्याला उच्च रक्तदाब म्हणतात. घरच्या सरासरीसाठी ही रेषा १३५/८५ आहे. सात दिवसांचा तो कागद हातात असला, की डॉक्टरांना गोळीचा निर्णय घेणं सोपं जातं.

आकडा १८०/१२०च्या वर गेला आणि सोबत छातीत दुखतंय, धाप लागतेय, नजर धूसर झालीय किंवा हातपाय लुळे पडताहेत, तर वाट न बघता रुग्णालय गाठा. असा कुठलाच त्रास नसेल तर शांत बसून पुन्हा मोजा आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. शेजाऱ्याची गोळी जिभेखाली ठेवण्याची सवय मात्र मोडा. बीपी एकदम खाली आलं तर मेंदूला आणि हृदयाला रक्त कमी पडतं.

३. म्हाताऱ्या माणसांचं बीपी उभं राहूनही बघा

आजी पहाटे अंथरुणातून उठते आणि मोरीच्या दारात पडते. खुब्याचं हाड मोडतं. सगळे म्हणतात, पाय घसरला. प्रत्यक्षात पुष्कळदा उठल्याबरोबर बीपी उतरलेलं असतं. आधी पडून किंवा बसून मोजा. मग उभं करा आणि तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजा. वरचा आकडा २०ने किंवा खालचा १०ने उतरला, तर डॉक्टरांना सांगा. बीपीच्या, प्रोस्टेटच्या, झोपेच्या गोळ्यांमुळे असं होतं. तोवर अंथरुणाच्या काठावर दोन मिनिटं बसून, आधार धरूनच उठायचं.

४. आकडा नीट आला तो गोळीमुळे

"आता नॉर्मल आलंय, बंद केली गोळी." हे वाक्य मी ओपीडीत आणि जिन्यावर सारखंच ऐकलं आहे. बीपी दुखत नाही, म्हणून गोळीची गरज जाणवत नाही. पण दुखत नसतानाही ते मेंदूच्या, डोळ्यांच्या, मूत्रपिंडाच्या बारीक रक्तवाहिन्या खराब करत असतं. गोळी कमी करायची की बदलायची, हे डॉक्टर वही बघून ठरवतील. आपण आपल्या मनाने बंद करायची नाही.

या गोळ्यांच्या इतिहासात आपल्या परळचं नाव आहे, याचा मला अभिमान वाटतो. केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा उपयोग बीपीच्या रुग्णांवर करून पाहिला आणि १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये त्याचे निष्कर्ष छापले. ज्या काळी बीपीवर धड औषधच नव्हतं, त्या काळी जगभरच्या डॉक्टरांचं लक्ष त्या लेखाने वेधून घेतलं. १९५७ साली डॉ. वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. आज याहून चांगल्या आणि सुरक्षित गोळ्या आहेत, त्यामुळे कुणी सर्पगंधा आणून खाऊ नये. पण आपल्या उशाशी असलेल्या त्या छोट्या गोळीमागे किती माणसांची मेहनत आहे, एवढं ध्यानात असू द्यावं.

गोळीबरोबर मीठही बघा. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट चमचाभर. आम्ही कोकणातली माणसं. खारवलेला सुका बांगडा, पापड, लोणचं आणि वर लालबागचा चिवडा, एवढ्यातच तो चमचा संपतो. आमटी अळणी करून वर पापड भाजला, तर फायदा काहीच होत नाही. सुकं मासं पाण्यात भिजवून, ते पाणी ओतून देऊन करा आणि रोज न खाता कधीमधी खा.

५. श्वास मोजायला मशीन लागत नाही

आमच्या भागातल्या घरोघरी गिरणीची माणसं होती. ब्लोरूम आणि कार्डिंग खात्यात कापसाची धूळ सगळ्यात जास्त. तिथे वर्षानुवर्षं काम केलेल्यांची छाती सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला आवळून यायची. हा बिसिनोसिस. सुरुवातीला एका दिवसापुरता वाटणारा हा त्रास पुढे कायमचा दमा होऊन बसतो. १९८२च्या संपानंतर एकेक गिरणी बंद होत गेली, पण ती धूळ ज्यांच्या छातीत गेली त्यांना धाप पुढेही लागत राहिली. घरच्यांना त्याची इतकी सवय झालेली असते की "आबांना दम लागतोच" म्हणून कुणी लक्षच देत नाही. आबांना रोज किती दम लागतो हे माहीत असेल, तरच आजचा दम वेगळा आहे हे कळेल. काल मोरीपर्यंत चालत जाणारा माणूस आज पलंगावर बसून एक वाक्य पुरं करू शकत नसेल, तर लगेच निघायचं.

श्वास मोजण्याची आमची वॉर्डातली रीत सांगते. रुग्णाला सांगितलं की तो श्वास बदलतो. म्हणून नाडी बघतोय असं दाखवत मनगट धरून ठेवायचं आणि नजर छातीवर ठेवायची. पूर्ण एक मिनिट मोजायचं. मोठ्या माणसाचे स्वस्थ बसलेले असताना मिनिटाला १२ ते २० श्वास होतात. २५च्या पुढे गेले तर काहीतरी बिघडलं आहे.

लहान मुलांत तर हाच आकडा जीव वाचवतो. बाळ आजीच्या मांडीवर शांत असताना झबलं वर करा आणि पोटाकडे बघा. रडताना किंवा दूध पिताना मोजू नका. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६०, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५०, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त श्वास होत असतील, तर न्यूमोनिया समजून डॉक्टर गाठा. आपल्या बायका "पोट उडतंय" म्हणतात, ती खूण बरोबर असते. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ अंगावर पीत नसेल, तर सकाळची वाट बघू नका.

करोनात बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घरोघरी आला. तो अजून कपाटात असेल तर सेल बदलून बाहेर काढा. बोट गार असेल, नखाला नेलपॉलिश किंवा गडद मेंदी असेल, तर आकडा चुकतो. हात चोळून गरम करा, आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. निरोगी माणसाचा आकडा ९५ ते १०० असतो. जुन्या दम्याच्या माणसाचा बरा असतानाही ९१-९२ असू शकतो, म्हणून त्याच्यासाठी कुठला आकडा धोक्याचा, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या.

६. नाडीची गती बघा आणि लयही बघा

मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवा. आपला अंगठा वापरू नका, कारण त्याला स्वतःचा ठोका असतो. मिनिटाला ६० ते १०० ठोके ठीक. तेवढ्यावर थांबू नका, ठोके एका लयीत पडताहेत का ते बघा. मधूनच घाई, मधूनच खंड, असा काही मेळच नसेल तर पूर्ण मिनिट मोजून लिहा आणि कार्डिओग्राम काढून घ्या. हृदयाची ही एक विशिष्ट बेताल गती असते. तिच्यात हृदयात रक्ताची गुठळी होते आणि ती मेंदूत जाऊन अर्धांगवायू होतो. वेळीच कळलं तर गुठळी होऊ न देणारं औषध मिळतं.

७. बारीक माणसालाही शुगर असते

"मी एवढा काटकुळा, मला कसली शुगर?" असं म्हणणाऱ्यांना मी एक प्रसिद्ध फोटो सांगते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा तो फोटो २००४ साली लॅन्सेटमध्ये छापून आला. उंची-वजनाच्या हिशेबाने दोघेही सारखेच, बीएमआय २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपली माणसं दिसायला बारीक असली तरी पोटाभोवती चरबी साठवतात. म्हणून वजनकाट्याबरोबर टेपही वापरा. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईची ८० सेंटिमीटरच्या आत असावी.

उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, किंवा तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी ६.५ किंवा जास्त, असं दोनदा आलं तर मधुमेह. घरी ग्लुकोमीटरने तपासताना साबणाने हात धुऊन कोरडे करा. आंबा कापलेल्या किंवा मोदकाचं सारण लागलेल्या बोटाची शुगर भलतीच जास्त येते. बोटाच्या टोकाला न टोचता कडेला टोचा, दुखतं कमी. पट्ट्यांची मुदत संपलेली नाही ना, तेही बघा.

जास्त शुगरइतकीच कमी शुगर लक्षात ठेवा, कारण ती काही मिनिटांत माणसाला आडवं करते. संकष्टीचा, नवरात्राचा उपवास धरायचा आणि गोळी मात्र नेहमीसारखी घ्यायची, यातून हे होतं. गणपतीत दर्शनाच्या रांगेत तासन्‌तास उभं राहूनही होतं. दरदरून घाम, थरथर, कावरंबावरं बोलणं दिसलं की ७०च्या खाली गेली का ते बघा. मशीन नसेल तरी थांबू नका. तीन चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, मग खायला द्या. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, श्वासनलिकेत जातं. उपवास करायचाच असेल तर गोळी किंवा इन्सुलिनचं काय करायचं, हे डॉक्टरांना आधी विचारा.

८. ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका

पावसाळ्यात आमच्याकडे मलेरिया, डेंग्यू आणि लेप्टो, तिन्ही असतात. ताप १००.४च्या वर गेला की तारीख, वेळ आणि आकडा लिहा. थंडी वाजून आला का, रोज एका ठरावीक वेळी चढतो का, हे लिहिलेलं असलं की रक्ताची तपासणी योग्य वेळी होते. दोन दिवस ताप हटला नाही तर दवाखान्यात जा.

डेंग्यूचा खरा धोका ताप उतरताना सुरू होतो, तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान. घरचे मात्र नेमके तेव्हाच सुटकेचा श्वास टाकतात आणि फक्त प्लेटलेटचा रिपोर्ट विचारत बसतात. त्या दिवसांत पोटात जोराचं दुखणं, न थांबणाऱ्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणं, लघवी कमी होणं, माणूस मलूल होणं यावर नजर ठेवा. बीपीचा वरचा आणि खालचा आकडा जवळ येत चालले आणि दोघांतलं अंतर २० किंवा त्याहून कमी झालं, तर तो इशारा आहे. तापाला पॅरासिटामॉलच द्या. ब्रुफेन, अॅस्पिरिनने रक्तस्राव वाढतो.

हिंदमाताला पाणी तुंबलं की आमच्या भागातली निम्मी माणसं त्यातूनच चालत घरी येतात. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर मुंबईत लेप्टोची मोठी साथ आली. उंदरांच्या मूत्रातले जंतू अशा पाण्यातून पायाच्या जखमेवाटे शरीरात जातात. पाण्यातून चालून आलात तर पाय साबणाने धुवा आणि ७२ तासांच्या आत महापालिकेच्या दवाखान्यात जाऊन प्रतिबंधक गोळी घ्यायची का ते विचारा. पुढे ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले, तर त्या पाण्याबद्दल डॉक्टरांना आवर्जून सांगा.

९. वजन महिन्यातून एकदा तरी लिहा

प्रयत्न न करता वजन उतरत असेल तर शुगर आणि टीबी दोन्ही तपासा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम ही टीबीची लक्षणं. शिवडीचं क्षयरोग रुग्णालय आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि उपचार मोफत आहेत. तरीही लोक काय म्हणतील म्हणून माणसं थुंकी तपासायला जात नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. टीबी पूर्ण बरा होतो. लपवला तर मात्र घरातल्या लहानग्यांपर्यंत पोचतो.

हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र वजन रोज सकाळी बघावं. दोनतीन दिवसांत दोन किलो वाढलं, पावलावर बोट दाबल्यावर खळगा राहिला, तर अंगात पाणी साठतंय. धाप लागायच्या आधीच डॉक्टरांना कळवा.

१०. दुखणं अंगावर काढू नका, आणि घरातल्या दोघांना तरी हे शिकवा

छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम, एकाएकी आलेला थकवा याला आपल्याकडे "पित्त झालंय, गॅस झालाय" म्हणतात आणि सोडा पितात. मधुमेही माणसाला तर कधीकधी छातीत दुखतही नाही, नुसती धाप लागते. कार्डिओग्राम काढायला वेळ लावू नका. रुग्णाला जिना उतरायला लावू नका. खुर्चीत बसवून चौघांनी खाली आणा. १०८ला फोन करा.

तोंड वाकडं झालं, एक हात खाली पडला, जीभ जड झाली तर अर्धांगवायू. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि हा वेळ माणूस शेवटचा ठीक दिसला तिथपासून मोजतात. म्हणून रुग्णालयात पहिला प्रश्न तोच येतो, "शेवटचं नीट कधी पाहिलं?" ती वेळ लिहून न्या आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयातच जा.

हे सगळं घरातल्या एकट्या सुनेला किंवा एकट्या मुलीला माहीत असून भागत नाही. ती कामावर असेल तेव्हाच आजी पडते. सातवीआठवीतल्या नातवालाही पट्टा बांधता येतो, श्वास मोजता येतो, १०८ लावता येतो. एक साधी दोनशे पानी वही घ्या. पहिल्या पानावर घरातल्या प्रत्येकाचं वय, आजार, चालू गोळ्या, कुठल्या औषधाची अॅलर्जी आणि ठीक असतानाचे आकडे लिहा. केसपेपर आणि जुने रिपोर्ट त्याच वहीत ठेवा. घरी मशीन नसेल तर महापालिकेच्या दवाखान्यात किंवा "आपला दवाखाना" केंद्रात बीपी आणि शुगर मोफत बघतात. रुग्णालयात जाताना पैशांच्या पाकिटाआधी ही वही उचला. पहिलं पान आज रात्री जेवणं झाल्यावर, सगळे घरात असताना लिहून काढा.